दाताच्या डॉक्टरांची मान, पाठ, मनगट आणि क्लिनिकमधली साधनं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रॅक्टिस करणारे डॉक्टर, बीडीएसला शिकणारी मुलं-मुली, क्लिनिकचं फर्निचर करणारे, उपकरणं विकणारे आणि बनवणारे अशा सगळ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. क्रमाने वाचायची गरज नाही. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात सविस्तर आली असेल तर तिचा क्रमांक दिला आहे. दुखणं आधीच सुरू झालं असेल तर थेट प्रश्न १८ पाहा.

१. दाताच्या डॉक्टरांना मान-पाठीचा त्रास खरंच इतका असतो का?

असतो. जगभरातल्या अभ्यासांचा एक आढावा २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात या व्यवसायातल्या स्नायू-सांध्यांच्या दुखण्याचं प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत ६४ ते ९३ टक्के आढळलं. डॉक्टरांमध्ये पाठ आणि मान पुढे होती, तर मुख्यतः दात साफ करण्याचं काम करणाऱ्या हायजिनिस्टांमध्ये हात आणि मनगट.

कारण कामातच आहे. तोंड ही लहान, ओली, अंधारी जागा. तिच्यात डोकावायचं, दोन्ही हात आत ठेवायचे आणि मिलिमीटरच्या अंशात काम करायचं. त्यासाठी मान आणि खांदे दहा-पंधरा मिनिटं एकाच जागी रोखून धरावे लागतात. हालचाल करणाऱ्या स्नायूला रक्तपुरवठा मिळत राहतो. ताणून स्थिर धरलेल्या स्नायूला तो कमी मिळतो आणि स्नायू लवकर थकतो. वजन उचलणाऱ्या माणसाला आपल्या अंगावर भार आहे हे कळतं. आपल्याला कळत नाही, कारण भार आपल्याच डोक्याचा असतो, साडेचार-पाच किलोचा.

२. मग नीट बसायची सवय लावली की झालं. साधनांवर खर्च कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि बहुतेकदा तो सिनियर डॉक्टरांकडून येतो. माझं मत स्पष्ट आहे: वाकणं हा बहुतेक वेळा डॉक्टरचा आळस नसतो. रुग्णाच्या चेअरची पाठ जाड असली की डॉक्टरचे गुडघे तिच्याखाली जात नाहीत. गुडघे गेले नाहीत की माणूस लांब बसतो आणि लांब बसला की वाकतो. अशा चेअरपाशी ‘सर, ताठ बसा’ असं दिवसातून दहा वेळा सांगून उपयोग नाही.

आपल्या साधनांचा इतिहासही हेच सांगतो. १८७१ मध्ये जेम्स मॉरिसन यांनी पायाने चालवायच्या ड्रिल यंत्राचं पेटंट घेतलं. एका पायावर उभं राहून दुसऱ्याने पेडल मारायचं, अशी ती कामाची पद्धत होती. १९५७ मध्ये जॉन बोर्डन यांचा एअरोटर, म्हणजे हवेच्या दाबावर फिरणारा ड्रिल, आला, मिनिटाला तीन लाखांच्या आसपास फेरे घेणारा. इतक्या वेगाने दात तापतो म्हणून पाण्याचा फवारा आला, पाणी ओढायला जोरदार सक्शन आलं आणि ते धरायला असिस्टंट आली. १९५८ मध्ये अमेरिकेत पूर्ण आडवी होणारी चेअर आली आणि डॉक्टर बसून काम करू लागला. त्याचं बसणं यंत्र बदलल्यामुळे बदललं. आजही तसंच व्हायला हवं. सवय महत्त्वाची आहेच, पण साधन आडवं येत असेल तर ती टिकत नाही.

३. बरोबर बसणं म्हणजे नेमकं कसं? आकड्यांत सांगा.

पाऊल पूर्ण जमिनीवर. कंबर गुडघ्यांपेक्षा वर, म्हणजे धड आणि मांडी यांतला कोन ९० अंशांहून जास्त, ११० च्या आसपास किंवा पुढे. कमरेचा नैसर्गिक बाक तसाच. दंड शरीरालगत, ते बाजूला किंवा पुढे जायचेच तर २० अंशांच्या आत. कोपरापुढचा हात आडवा किंवा किंचित वर चढलेला. मान पुढे झुकणार हे धरूनच चालायचं, पण २०-२५ अंशांपर्यंतच. डोळ्यापासून दातापर्यंतचं अंतर साधारण ३५ ते ४० सेंटिमीटर, उंच डॉक्टरांचं त्याहून थोडं जास्त.

कोनमापक घेऊन कुणी बसत नाही, म्हणून एक सोपी पद्धत. रुग्ण नसताना स्टूलवर बसा, डोळे मिटा, खांदे सैल सोडा आणि एखादं बारीक काम करतोय अशी दोन्ही हातांची बोटं जिथे आपोआप जुळतात तिथे ती आणा. डोळे उघडा. रुग्णाचं तोंड त्या जागी यायला हवं. आधी तुमचं शरीर, मग रुग्णाचं तोंड, मग लाईट आणि ट्रे, असा क्रम आहे. आपण नेमका उलटा चालवतो: रुग्ण जसा बसला तसा ठेवतो आणि स्वतः त्याच्याभोवती वळतो.

वरच्या दातांसाठी रुग्ण पूर्ण आडवा आणि डोकं मागे, इतकं की वरच्या दातांची चावण्याची पातळी जमिनीला काटकोनात किंवा त्याहून थोडी मागे जाईल. खालच्या दातांसाठी पाठ थोडी वर आणि हनुवटी खाली. वरच्या दाढा थेट बघायचा हट्ट सोडा, आरसा वापरा. आरशातून काम करायला न शिकलेला हात मानेला कामाला लावतो.

४. बजेट कमी आहे. पहिला खर्च कशावर करू?

स्टूलवर. चेअरसोबत ‘फ्री’ आलेलं गोल स्टूल क्लिनिकच्या उद्घाटनापासून तसंच असतं आणि दिवसाचे आठ तास आपण त्यावर काढतो. चेअर बदलणं हा लाखांचा विषय आहे. चांगलं स्टूल त्या मानाने फार थोड्यात येतं आणि फरक आठवड्याभरात जाणवतो.

स्टूल घेताना आधी सिलिंडर, म्हणजे बैठक वर-खाली करणारी मधली नळी, पाहा. कमी उंचीच्या डॉक्टरांना उंच सिलिंडरचं स्टूल सगळ्यात खाली आणूनही पाय टेकत नाहीत. मग मांडीच्या खालच्या बाजूला कडा रुततात आणि माणूस पुढे सरकून टोकावर बसतो. आज बीडीएसच्या वर्गात मुलींची संख्या मोठी आहे, तरी डीलर सिलिंडरची लांबी विचारत नाहीत. तुम्ही विचारा. आखूड सिलिंडर वेगळा मिळतो आणि ऑफिसच्या खुर्च्या दुरुस्त करणारा माणूसही तो बदलून देऊ शकतो. स्टूल बसल्या बसल्या हळूहळू खाली जात असेल तर सिलिंडर संपला आहे असं समजा आणि लगेच बदला.

बैठक पुढे झुकवता येते का, पाठीचा आधार कमरेच्या बाकात येतो का, चाकं तुमच्या फरशीवर नीट फिरतात का, हे बसून पाहा. फोटो पाहून स्टूल मागवू नका.

स्टूलनंतर लूप्स, म्हणजे चष्म्यासारखी घालायची मोठं दाखवणारी भिंगं (प्रश्न १०), आणि चेअर जेव्हा बदलायचीच असेल तेव्हा प्रश्न ६.

५. सॅडल स्टूल घ्यावं का? घेतलेल्या मित्राने ते कोपऱ्यात ठेवून दिलंय.

घोड्याच्या खोगिरासारख्या बैठकीवर मांड्या खाली उतरत्या राहतात, त्यामुळे कंबरेचं हाड पुढे झुकतं आणि पाठीचा बाक आपोआप टिकतो. पाठीच्या आधाराची गरज कमी होते. गुडघे खाली गेल्यामुळे रुग्णाच्या जवळ जाता येतं. मला ते आवडतं आणि कंबरदुखीवाल्यांना मी ते आवर्जून सुचवते.

कोपऱ्यात जाण्याची कारणं मात्र ठरलेली आहेत. पहिल्याच दिवशी आठ तास बसलं की मांड्यांच्या आतल्या बाजूला दुखतं. रोज तासभर बसून सुरुवात करा आणि दोन-तीन आठवड्यांत वेळ वाढवा. दुसरं, सॅडलवर आपण उंच बसतो, म्हणून रुग्णाची चेअरही वर घ्यावी लागते. तुमची चेअर तेवढी वर येत नसेल तर सॅडलवर बसून उलट जास्त वाकाल. घेण्याआधी चेअरची जास्तीत जास्त उंची तपासा. तिसरं, सलग बैठकीचा मध्यावर दाब येतो. पुरुष डॉक्टरांना त्याचा त्रास होत असेल तर मधे फट असलेली बैठक घ्यावी.

६. नवीन डेंटल चेअर घेताना शोरूममध्ये काय तपासू?

कॅटलॉगमध्ये कॅमेरा, टीव्ही, रेग्झिनचे रंग आणि एलईडीची संख्या असते. तुमची मान ज्यावर अवलंबून आहे ते माप बहुतेक कॅटलॉगांत नसतंच: पाठीच्या वरच्या भागाची जाडी. म्हणून टेप घेऊन जा.

बसलेल्या माणसाच्या मांडीच्या वरच्या भागापासून कोपरापर्यंत जेमतेम वीतभर जागा असते. त्या जागेत चेअरची पाठ आणि रुग्णाचं डोकं मावून तोंड कोपराच्या पातळीला किंवा थोडंच वर यायला हवं. पाठीचा प्रत्येक जादा इंच रुग्णाचं तोंड इंचभर वर ढकलतो आणि त्याबरोबर तुमचे खांदे वर जातात. दिवसअखेर खांद्यांच्या वरच्या कडा दगडासारख्या होतात, त्याचं एक मोठं कारण हे आहे. गादी मऊ आणि जाड म्हणजे चेअर चांगली, ही समजूत रुग्णाच्या बाजूनेही फारशी खरी नाही. आडव्या माणसाला आधार नीट विभागलेला लागतो, जाडी नाही.

डीलरच्या माणसाला चेअरवर झोपवा. पूर्ण आडवी करा. स्टूलवर बसा आणि ९ वाजल्यापासून १२ वाजल्यापर्यंतच्या जागा (रुग्णाचं डोकं घड्याळाचा मध्य, पाय ६ वर) फिरून या. गुडघे चेअरच्या पाठीखाली अडखळले की नाही ते पाहा. पाठ खांद्यांपाशी निमुळती होते का? रुंद पाठ तुम्हाला रुग्णापासून लांब ठेवते. चेअर सगळ्यात खाली घ्या: तोंड तुमच्या कोपरापाशी येतं का? चेअरचा खालचा पाया पायांना किंवा स्टूलच्या चाकांना आडवा येतो का?

मग डोक्याचा आधार. त्याला दोन बिजागऱ्या हव्यात आणि तो एका हाताने सुटायला, बसायला हवा. एकच बिजागरी असेल तर डोकं मागे नेता येतं पण हनुवटी खाली आणता येत नाही. आणि ज्या आधाराला दोन हात लागतात तो रुग्णागणिक कुणी बदलत नाही, हे मी अनेक क्लिनिकांत पाहिलं आहे.

मेमरी बटणं उपयोगी आहेत: एक वरच्या जबड्यासाठी, एक खालच्या, एक थुंकायला बसण्यासाठी. मोटर इलेक्ट्रिक की हायड्रॉलिक, हा टिकाऊपणाचा आणि सर्व्हिसिंगचा प्रश्न आहे. मानेशी त्याचा संबंध नाही.

७. आमचा गाळा लहान आहे. चेअर भिंतीला टेकवूनच बसवली आहे. काही करता येईल?

मुंबई-पुण्यातल्या क्लिनिकांतून हा प्रश्न नेहमी येतो. चेअर उभी असताना माप घेतलं जातं, ती आडवी झाल्यावर डोकं मागे सरकतं आणि भिंतीपर्यंत जागाच उरत नाही. मग डॉक्टर १२ वाजताच्या जागी, म्हणजे रुग्णाच्या डोक्यामागे, कधीच बसू शकत नाही. सगळं काम ९ वाजताच्या जागेवरून, कंबरेत पिळून.

चेअर पूर्ण आडवी असताना डोक्यामागे अडीच ते तीन फूट हवेत. आयताकृती खोलीत चेअर भिंतीला समांतर न ठेवता तिरकी बसवली तर ही जागा बऱ्याचदा निघते. पाणी, हवा आणि ड्रेनेजच्या लाईन फरशीखाली गेल्यावर हे बदलणं महाग पडतं, म्हणून प्लंबरला बोलावण्याआधी फरशीवर खडूने चेअर आखा, आडवी आखा, आणि स्टूल घेऊन त्याभोवती फिरा. डोक्यामागचं बेसिन आणि कपाट बाजूच्या भिंतीवर नेता आलं तरी खूप फरक पडतो.

८. ट्रे आणि हँडपीसचे (हातात धरायच्या ड्रिलचे) पाइप कुठे असावेत? वरून लोंबणारे की मागे दांडीवर टांगलेले?

बोटं, मनगट आणि कोपरापुढचा हात एवढ्यानेच वस्तू उचलता आली पाहिजे. पूर्ण हात लांबवणं कमी करा आणि कंबर वळवणं बंदच करा. मागच्या कपाटावर ट्रे ठेवणारे डॉक्टर दिवसभर डोळे तोंडातून बाहेर काढत आणि कंबर पिळत असतात.

रुग्णाच्या छातीवर येणारा ट्रे आपल्याकडे सर्वात जास्त दिसतो आणि असिस्टंट असेल तर तो चालतो. फक्त तो पुरेसा खाली आणि जवळ येतो का ते पाहा. एकट्याने काम करणाऱ्यांना चाकांची ट्रॉली उत्तम: स्थानिक फॅब्रिकेटर स्टीलची करून देतो आणि ती तुमच्या कोपराच्या उंचीची करून घेता येते.

दांडीवरचे पाइप हाताजवळ येतात, पण दांडीची स्प्रिंग कडक असेल तर ती हँडपीस सतत मागे ओढत राहते. लोंबणाऱ्या पाइपांचं वजन मनगटावर येतं. दोन्हींत ओढ किती आहे ते हातात धरून पाहा. टेलिफोनच्या वायरसारखे गुंडाळलेले पाइप टाळा. सरळ, हलके, मऊ आणि सांध्यापाशी फिरणारे घ्या. या ओढीची किंमत बोटं दिवसभर मोजतात.

पायाचं पेडलही विसरू नका. ते एकाच कोपऱ्यात अडकून पडलं की पाय त्याच्या मागे जातो आणि शरीर पायाच्या मागे. ते गुडघ्याच्या खाली सरकवत राहा आणि कधी डाव्या पायाने वापरून पाहा.

९. लाईट चांगली आहे, तरी सावली का पडते?

प्रकाश कमी असतो असं नाही. त्याची दिशा चुकलेली असते. किरण तुमच्या नजरेला जवळजवळ समांतर यायला हवेत, म्हणजे लाईट तुमच्या डोक्याजवळ, किंचित बाजूला आणि वर. बऱ्याच युनिटांत (चेअर आणि तिला जोडलेली साधनं) लाईट रुग्णाच्या पायांकडून येते आणि तिचा हात डोक्यापर्यंत पोहोचतच नाही. सावली टाळायला डॉक्टर मान वळवतो आणि दोष नजरेला देतो. चेअर घेताना लाईटचा हात पूर्ण मागे आणून पाहा आणि ती तिन्ही अक्षांत फिरते का ते तपासा.

लूप्सवरचा दिवा ही अडचण मुळातूनच सोडवतो. एक सावधगिरी मात्र: त्या तीव्र प्रकाशात कम्पोझिट (दाताच्या रंगाचं, प्रकाशाने घट्ट होणारं सिमेंट) भरताना ते वेळेआधीच घट्ट होऊ लागतं, म्हणून नारिंगी फिल्टर लावा.

१०. लूप्स घेतले तरी मान दुखतेच. मग ते निरुपयोगी आहेत का?

निरुपयोगी नाहीत, पण चुकीच्या मापाचे लूप्स मान वाकवून कुलूपबंद करतात. साधे डोळे असताना निदान हलता तरी येतं. लूप्सला एकच अंतर आणि एकच कोन असतो, आणि तो चुकला तर दिवसभर चुकतो.

पहिलं माप कामाच्या अंतराचं. कंपनीचा माणूस माप घ्यायला येतो तेव्हा आपण खुर्चीत, नाहीतर काउंटरपाशी उभे असतो. तसं करू नका. तुमच्या स्टूलवर, रुग्ण किंवा असिस्टंट आडवी झोपलेली, प्रश्न ३ मध्ये सांगितल्याप्रमाणे बसून माप द्या. आधीच वाकून बसणाऱ्याने वाकूनच माप दिलं तर लूप्स त्या वाकण्याचेच बनतात.

दुसरं, भिंगांचा उतार. भिंगं चौकटीतून खाली किती झुकलेली आहेत यावर मान किती झुकवावी लागते हे ठरतं. उतार जास्त तर डोळे खाली जातात आणि मान वर राहते. स्वस्त लूप्समध्ये हाच कोन कमी असतो. काचेतच बसवलेल्या भिंगांचा कोन नंतर बदलता येत नाही. वर उचलता येणाऱ्या भिंगांचा बदलता येतो, पण ती जड असतात आणि नाकावर पुढे येतात.

तिसरी गोष्ट आपल्याकडे विशेष लागू पडते. अनेक चौकटी उंच नाकाच्या चेहऱ्यासाठी घडवलेल्या असतात. नाकाचं हाड बसकं असेल तर त्या घसरतात, भिंगं डोळ्यांच्या खाली जातात आणि आपण ती पकडायला डोकं खाली घालतो. नाकाचे पॅड बदलता येणारी चौकट मागा आणि मागचा पट्टा घट्ट ठेवा.

सुरुवात २.५ पट मोठं दाखवणाऱ्या लूप्सने करा. त्यांत दिसणारं क्षेत्र मोठं असतं आणि जवळ-लांबचं भरपूर खोलीपर्यंत स्पष्ट दिसतं. रूट कॅनाल किंवा बारीक क्राउनचं काम नेहमीचं झालं की पुढे जा. चष्म्याचा नंबर असेल तर तो भिंगातच घालून घ्या.

११. सरळ समोर बघून काम करायचे नवे लूप्स आणि मायक्रोस्कोप, दोन्हींपैकी काय?

प्रिझममधून नजर खाली वळवणाऱ्या लूप्समध्ये मान जवळजवळ सरळ राहते. ज्यांच्या मानेच्या मणक्याला आधीच त्रास आहे त्यांच्यासाठी त्यांची मदत खरी आहे. मात्र ते जड असतात, दिसणारं क्षेत्र लहान असतं आणि हात जिथे आहे तिथे नजर नसल्याने सवय व्हायला वेळ लागतो. विकत घेण्याआधी काही दिवस वापरून पाहायला मागा.

मायक्रोस्कोप ही वेगळ्या वर्गाची गोष्ट आहे. दातांच्या कामासाठीचा पहिला १९८१ मध्ये बाजारात आला आणि अमेरिकेत रूट कॅनालच्या पदव्युत्तर शिक्षणात त्याचं प्रशिक्षण नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सक्तीचं झालं. त्याची नळी तुमच्या डोळ्यांपर्यंत येते, म्हणून ताठ बसल्याशिवाय काही दिसतच नाही. पण नळी पुरेशी तिरकी होत नसेल तर तोही वाकवतो. हाताला आधार असलेलं स्टूल आणि प्रशिक्षित असिस्टंट नसेल तर त्याचे पैसे वसूल होणार नाहीत. भाड्याच्या जागेत छताला किंवा भिंतीला न लावता चाकांच्या पायाचा घ्या.

१२. स्केलर (दात साफ करायचं हत्यार), हँडपीस, हातमोजे: मनगट दुखतं ते नक्की कशाने?

बहुतेकदा चिमटीत धरण्याच्या जोराने. या बाबतीत चांगलं संशोधन झालं आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डेव्हिड रेम्पेल यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवलं की १० मिलिमीटर जाडीची आणि १५ ग्रॅम वजनाची मूठ असलेल्या हत्याराला सगळ्यात कमी जोर लागतो. नंतर २०१२ मध्ये त्यांच्याच गटाची चाचणी प्रसिद्ध झाली: चार महिने काही जणांनी १४ ग्रॅमची ११ मिलिमीटर जाड क्युरेट (दात खरवडून साफ करायचं हाताचं हत्यार) वापरली, काहींनी ३४ ग्रॅमची ८ मिलिमीटरची. हलक्या, जाड मुठीवाल्यांच्या खांद्याचं दुखणं लक्षणीय कमी झालं. मूठ बोटांत आणि फायदा खांद्यात, हे लक्षात घ्या.

आपल्या ट्रेमध्ये अजूनही बारीक, भरीव स्टीलची जड हत्यारं असतात, कारण ती कॉलेजच्या यादीत होती. पुढची क्युरेट घेताना पोकळ मुठीची किंवा ऑटोक्लेव्हला टिकणाऱ्या सिलिकॉन मुठीची घ्या. आणि धार ठेवा. बोथट क्युरेटला जोर दुप्पट लागतो असं वाटतं, कारण हात खरंच जास्त दाबत असतो.

एअरोटर की इलेक्ट्रिक मोटर, असं विचारणाऱ्यांना: इलेक्ट्रिकमध्ये ताकद टिकते, त्यामुळे दाबावं कमी लागतं आणि आवाजही कमी, पण ती लांब आणि जड असते. तराजूवरच्या वजनापेक्षा तोल पाहा. पेनासारखी धरल्यावर मागची बाजू खाली ओढत असेल तर घेऊ नका. बर (ड्रिलचं बदलता येणारं टोक) काढायला किल्ली लागणारे जुने हँडपीस बदलून बटणाचे घ्या.

हातमोजे दोन्ही हातांना चालणारे असतात तेव्हा ते अंगठ्याला मागे ओढतात. घट्ट असले तर आणखी. लांब प्रोसिजरला साडेसहा, सात अशा नंबरचे, डावा-उजवा वेगळे मोजे घाला.

१३. असिस्टंट नाही, आणि रुग्ण दर दोन मिनिटांनी थुंकायला उठतो. काय करू?

रुग्ण उठला की तुमची सगळी मांडणी मोडते आणि परत झोपल्यावर तो दोन इंच खाली सरकलेला असतो. मग तुम्ही पुढे जाता. थुंकायची सवय आपल्या रुग्णांत जुनी आहे. ‘पाणी मशीन ओढून घेईल, तुम्ही नाकाने श्वास घ्या’ हे सुरुवातीला एकदा नीट सांगितलं तर बहुतेक जण ऐकतात. त्यासाठी सक्शन खरंच जोरदार हवं. रबर डॅम (दाताभोवती ताणून बसवायचा रबराचा पातळ पडदा) लावला तर निम्मा प्रश्न मिटतो.

असिस्टंट ठेवणं शक्य असेल तर ठेवा, आणि तिच्या शरीराचाही विचार करा. तिचं स्टूल तुमच्यापेक्षा चार ते सहा इंच उंच आणि पाय ठेवायला कडं असलेलं हवं. स्पिटूनचा (थुंकायच्या भांड्याचा) डबा तिच्या गुडघ्यांच्या जागी येत असेल तर तो बाजूला वळतो का पाहा. तिला उभं ठेवून दिवसभर सक्शन धरायला लावणं योग्य नाही.

१४. आम्ही नवरा-बायको दोघंही डेंटिस्ट, एकच चेअर, उंचीत आठ इंचांचा फरक. स्टूल एकच पुरेल?

नाही. स्टूल दोन घ्या, आपापल्या सिलिंडरची. लूप्स तर कधीच वाटून वापरू नका. चेअरची मेमरी बटणं दोघांच्या नावाने वाटून घ्या. चेअर बदलणार असाल तर शोरूममध्ये दोघांनी बसून पाहा. कमी उंचीच्या माणसाला बसली ती उंचाला पुरते, कारण चेअर वर नेता येते, ठरावीक मर्यादेखाली आणता येत नाही.

१५. मी व्हिजिटिंग कन्सल्टंट आहे. दिवसाला तीन क्लिनिक, तिन्हींत वेगळी चेअर. माझ्या हातात काय आहे?

तुमच्यासोबत येतं ते: दिव्यासह लूप्स, तुमची हत्यारं, तुमचे मोजे आणि रुग्णाच्या मानेखाली ठेवायची एक लहान उशी. एकच बिजागरी असलेल्या डोक्याच्या आधारावर ही उशी चमत्कार करते. धुता येणाऱ्या कव्हरची ठेवा. ज्या क्लिनिकात आठवड्यातून दोन-तीनदा जाता तिथे स्वतःचं स्टूल ठेवून द्या, मालक डॉक्टर सहसा आनंदाने जागा देतात. रुग्ण बसण्याआधी पाच मिनिटं लवकर पोहोचा आणि चेअर, लाईट, पेडल आपल्याप्रमाणे लावा. काम सुरू झाल्यावर कुणी लावत नाही.

१६. मी डावखुरी आहे. कॉलेजात उजव्या हाताच्या चेअरवरच काम केलं. आता स्वतःचं क्लिनिक काढतेय.

मग आता तडजोड करू नका. दोन्ही बाजूंना वळवता येणारी युनिट मिळतात, पण ऑर्डर देतानाच सांगावं लागतं; बसवल्यावर बदल अवघड. ते परवडत नसेल तर ट्रॉलीवरचं युनिट घ्या, ते बाजू मानत नाही. तुमच्या जागा घड्याळात १२ ते ३ असतील, म्हणून प्रश्न ७ मधली खडूची आखणी आरशातल्यासारखी उलटी करा आणि बेसिन, कपाट, दार त्याप्रमाणे ठरवा.

१७. जो रुग्ण आडवा होऊच शकत नाही त्याच्यावर काम कसं करायचं?

धाप लागणारे हृदयरोगी, पाठीला कुबड आलेले आजी-आजोबा, शेवटच्या तिमाहीतल्या गर्भवती, असे रुग्ण रोज येतात आणि आधीचे सगळे नियम इथे वाकवावे लागतात.

कुबड असेल तर डोकं हवेत राहतं. डोक्याचा आधार पुढे आणि वर आणा, मानेखाली आणि गुडघ्यांखाली उशी द्या, मगच पाठ हळूहळू खाली न्या. गर्भवतीला उजव्या कुशीखाली उशी देऊन डावीकडे थोडं कलतं ठेवा, म्हणजे मोठ्या रक्तवाहिनीवर दाब येणार नाही. धाप लागणाऱ्याला अर्धवट बसवूनच काम करावं लागतं. तेव्हा तुम्ही उभे राहा. बसलेल्या रुग्णावर बसून काम करणं दोघांसाठीही वाईट. चेअर वर घ्या, तोंड कोपराच्या पातळीला आणा, भेटी आखूड ठेवा. दात काढतानाही उभं राहणंच बरं. जोर पायांतून आणि धडातून येतो, मनगटातून काढावा लागत नाही.

व्हीलचेअरवरून उतरू न शकणाऱ्या रुग्णासाठी डोक्यामागे अडकवायचा सुटा आधार वापरा आणि मोठं काम एका भेटीत उरकायचा अट्टाहास करू नका.

१८. दुखणं सुरू झालंच आहे. साधनं बदलली की थांबेल?

कामाच्या दिवशी वाढणारं आणि रविवारी कमी होणारं दुखणं बऱ्याचदा कमी होतं. बोटांत मुंग्या, रात्री झोपमोड, वस्तू हातातून निसटणं, हातात किंवा पायात ताकद कमी वाटणं, यांपैकी काही असेल तर स्टूलच्या दुकानात जाण्याआधी ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे जा. आपण रुग्णांना ‘लवकर यायला हवं होतं’ म्हणतो. तेच स्वतःला लावा.

फिजिओथेरपिस्टना तुमचा काम करतानाचा बाजूने काढलेला व्हिडिओ दाखवा. केबिनमध्ये उभं राहून वर्णन केलेल्या बसण्यापेक्षा त्यातून त्यांना खूप जास्त कळतं. आणि दर वीस मिनिटांनी अर्धा मिनिट हात खाली सोडून मान मागे न्या. भूल चढेपर्यंतचा वेळ यासाठीच आहे.

१९. शाळांच्या आणि गावांतल्या शिबिरांत काय करायचं? तिथे प्लास्टिकची खुर्ची असते.

प्लास्टिकच्या खुर्चीवर फक्त तपासणी करा, उभं राहून, आणि मूल उंच बाकावर बसवून. स्केलिंग किंवा दात काढायचे असतील तर घडी होणारी, आडवी होणारी खुर्ची आणि लूप्सवरचा दिवा नेल्याशिवाय ते हाती घेऊ नका. आयोजकांना आधीच सांगा. दोन टेबलं जोडून वर गादी आणि मानेखाली उशी, हेही प्लास्टिकच्या खुर्चीपेक्षा चांगलं. ओळखीचे दोन डॉक्टर आळीपाळीने तपासत आणि लिहीत बसले तर मान टिकते.

२०. आम्ही डेंटल युनिट बनवतो. डॉक्टरांसाठी नेमकं काय बदलावं?

हा प्रश्न येतो याचा मला मनापासून आनंद आहे. स्टूल, चेअर, लाईट, हँडपीस या प्रत्येकासाठी आंतरराष्ट्रीय मानकं आहेत, पण मानक पाळलेली चेअरही पाच फुटांच्या डॉक्टरला न बसणारी असू शकते.

कॅटलॉगमध्ये तीन मापं छापा: आडव्या चेअरच्या वरच्या पाठीची जाडी आणि रुंदी, आडवी असताना डोक्याच्या आधाराची कमीत कमी आणि जास्तीत जास्त उंची, आणि आडवी झाल्यावर लागणारी एकूण लांबी. गाळा घेणाऱ्याला तिसरं माप आणि पाठदुखीवाल्याला पहिली दोन, एवढ्यानेच निम्मे चुकीचे व्यवहार टळतील. डोक्याच्या आधाराला दोन बिजागऱ्या द्या, सगळ्यात स्वस्त मॉडेललाही. लाईटचा हात डॉक्टरच्या डोक्यापर्यंत पोहोचेल इतका लांब करा. चेअरसोबत स्टूल ‘फ्री’ देण्याऐवजी दोन सिलिंडरांतून निवड द्या. आणि नमुना तयार झाला की तो तपासायला साडेचार-पाच फुटांच्या डॉक्टर, डावखुरे डॉक्टर आणि दिवसभर सक्शन धरणाऱ्या असिस्टंट यांना बोलवा, पूर्ण दिवस काम करू द्या, आणि संध्याकाळी त्यांना कुठे दुखतंय ते लिहून घ्या.